कंट्रोल व्हॉल्व्ह बसवताना: इन्स्ट्रुमेंट विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

लोटे, महाड, रोहा, तारापूर, कुरकुंभ. यांपैकी कुठल्याही एमआयडीसीतल्या केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट विभागात अप्रेंटिस म्हणून लागलात, की कंट्रोल व्हॉल्व्हशी (सिग्नलप्रमाणे लाइनमधला प्रवाह कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्व्हशी) गाठ पडायला फार दिवस लागत नाहीत. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केलेला असो की डिप्लोमावाला, व्हॉल्व्हचा उभा कापलेला नमुना सगळ्यांनी वर्कशॉपमध्ये पाहिलेला असतो. प्लांटमध्ये मात्र तो वाफेच्या लाइनला लागलेला असतो, आजूबाजूला हात शेकत असतात आणि पॅनल ऑपरेटर वॉकीटॉकीवर विचारत असतो, "अरे झालं का? बॅच थांबलीय." मी कोकणातल्या अशाच एका बॅच प्लांटमध्ये बरीच वर्षं हे काम करतोय. रिअ‍ॅक्टर, जॅकेट (त्याच्याभोवतीचं वाफ किंवा पाणी फिरवायचं आवरण), वाफ, कूलिंग वॉटर हेच माझं रोजचं जग, म्हणून उदाहरणंही तिथलीच देतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. नवीन मुलांच्या हातात हार्ट कम्युनिकेटर (व्हॉल्व्हवरच्या इलेक्ट्रॉनिक्सला जोडायचं हातातलं यंत्र) आला की ती थेट ऑटो-कॅलिब्रेशन चालवतात. व्हॉल्व्ह दोनदा खालीवर होतो, स्क्रीनवर 'ओके' येतं, आणि व्हॉल्व्ह पूर्वीइतकाच गळत राहतो. पोझिशनर, म्हणजे सिग्नलप्रमाणे हवा देऊन व्हॉल्व्हचा दांडा जागेवर नेणारं उपकरण, खोटं बोलत नाही, पण त्याला दांड्याची जागा तेवढी कळते. प्लग (दांड्याच्या टोकाचं बूच) सीटवर (तो जिथे टेकतो त्या कडीवर) दाबून बसलाय का, पाइपात वेल्डिंगचा कचरा आहे का, ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबणारा भाग) आवळून दांडा जखडलाय का, हे त्याला कळत नाही. म्हणून क्रम कायम असा ठेवा: आधी पाइप, मग व्हॉल्व्हचं यंत्र, मग हवा आणि सगळ्यात शेवटी सिग्नल.

पाइपपासून सुरुवात करू. नवीन लाइन टाकली की आत वेल्डिंगचे मणी, स्लॅग, गंज, कधीकधी चक्क इलेक्ट्रोडचे तुकडे असतात. लाइन फ्लश होईपर्यंत कंट्रोल व्हॉल्व्ह बसवायचाच नाही. त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचा स्पूल पीस (फ्लँज असलेला पाइपाचा तुकडा) टाका, धुऊन घ्या, मग व्हॉल्व्ह चढवा. ठेकेदाराचा फिटर म्हणेल, "साहेब, एकदाच बसवू ना, परत कशाला उघडायचं?" तिथे ऐकू नका. एक मणी प्लग आणि सीटच्या मध्ये दाबला गेला की सीटवर ओरखडा उठतो, आणि मग तो व्हॉल्व्ह लॅपिंग (प्लग आणि सीट घासून जुळवणं) केल्याशिवाय पूर्ण बंद होत नाही. जवळपास वेल्डिंग चालू असेल तर अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगच्या शेजारीच लावून घ्या. तो दूर कुठेतरी स्ट्रक्चरला लावला तर करंट व्हॉल्व्हमधून वाट काढतो आणि पोझिशनरचं कार्ड जातं.

बॉडीवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने हवा, हे सगळे सांगतात. पण का, हेही समजून घ्या. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये बहुधा प्रवाह प्लगच्या खालून येतो आणि प्लगला उघडायच्या दिशेने ढकलतो. उलटा बसवला तर तोच प्रवाह बंद होत आलेल्या प्लगला सीटकडे ओढून घेतो आणि व्हॉल्व्ह शेवटच्या थोड्याशा प्रवासात दणकन आपटतो. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने आवळा. गॅस्केटची कड पाइपाच्या आत डोकावता कामा नये. दोन फ्लँजमध्ये फट राहिली म्हणून बोल्टांच्या जोरावर पाइप ओढून जुळवू नका. तो ताण बॉडीवर येतो, आणि वाफेच्या लाइनवर पाइप तापून फुगला की आणखी वाढतो. अ‍ॅक्च्युएटर (हवेच्या दाबाने दांडा हलवणारा वरचा भाग) शक्यतो सरळ उभा ठेवा. फ्लो मीटर त्याच लाइनवर असेल तर मीटर आधी, व्हॉल्व्ह नंतर. व्हॉल्व्हने घुसळलेला प्रवाह मीटरला नीट मोजता येत नाही.

आता हवा. आमच्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये इन्स्ट्रुमेंटच्या निम्म्या तक्रारींचं मूळ पाणी असतं. कंप्रेसरचा ड्रायर ढिला पडला की हवेबरोबर ओल येते, ती पोझिशनरच्या बारीक नोझलमध्ये बसते आणि व्हॉल्व्ह सुस्तावतो. एअर फिल्टर रेग्युलेटरच्या तळाचा ड्रेन उघडून बघणं हे व्हॉल्व्हजवळ गेल्यावरचं पहिलं काम. पाणी किंवा तेलकट गाळ निघाला तर पुढे काही करण्याआधी हेडरकडे (हवेच्या मुख्य लाइनकडे) बघा. केबल पोझिशनरमध्ये खालून घ्या आणि आत शिरण्याआधी तिला एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला गळून पडतं. न वापरलेल्या एंट्रीत कारखान्यातून येतं ते प्लॅस्टिकचं बूच तसंच ठेवू नका, धातूचा प्लग लावा. दोन फेरूलच्या (ट्यूबला पकडणाऱ्या धातूच्या कड्यांच्या) पाव इंची ट्यूबचा नट हाताने घट्ट केल्यावर पान्याने सव्वा फेरा, बस. त्याहून जास्त आवळला तर फेरूल ट्यूब चेपतो. साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड बघा. एवढं करायला पाच मिनिटं लागतात आणि रात्रपाळीतला फोन वाचतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, म्हणजे बेंच सेट. अ‍ॅक्च्युएटरच्या नेमप्लेटवर ०.२ ते १.० बार असं काहीतरी लिहिलेलं असतं. याचा अर्थ, लाइनचं प्रेशर नसताना ०.२ बारला दांडा हलायला लागला पाहिजे आणि १.० बारला त्याचा प्रवास पूर्ण झाला पाहिजे. पोझिशनर आल्यापासून बरेच जण हे तपासत नाहीत, कारण पोझिशनर हवी तेवढी हवा देऊन दांडा जागेवर नेतोच. पण व्हॉल्व्ह बंद असताना काय होतं ते बघा. हवेने उघडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये प्लगला सीटवर दाबून ठेवते ती फक्त स्प्रिंग. डायाफ्रामचं (ज्यावर हवा दाबते त्या पडद्याचं) क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर धरा, आणि १ बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. स्प्रिंगला ०.२ बारचा ताण दिलेला असेल तर बंद स्थितीत ती साधारण १०० किलोच्या जोराने दाबते. आता सीटचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर, आणि खालून ६ बार प्रेशर. गुणाकार करा, वर ढकलणारा जोर १२० किलोच्या आसपास येतो. म्हणजे सिग्नल शून्य, पोझिशनरवर शून्य, आणि तरी प्लग सीटवरून केसभर उचललेला. ऑपरेटर म्हणतो, "वाफ बंद केली तरी जॅकेट तापतंय," आणि आपण पोझिशनरची झिरो जुळवत बसतो. तिथे ०.४ ते २.० बारची स्प्रिंग असती तर २०० किलोचा दाब मिळाला असता आणि व्हॉल्व्ह मुकाट्याने बसला असता. मेंटेनन्सनंतर कोणी स्प्रिंगचा अ‍ॅडजस्टर सैल करून ठेवला असेल तरी हेच होतं. म्हणून व्हॉल्व्ह वर्कशॉपमध्ये असतानाच रेग्युलेटर आणि गेज लावून, हवा हळूहळू वाढवत दांडा कधी सुटतो आणि कधी थांबतो हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

याच हिशोबातून सुरक्षेचीही गोष्ट कळते. त्याच डायाफ्रामवर १ बार हवा म्हणजे जवळजवळ ५०० किलो. दांडा आणि योकच्या (त्याच्याभोवतीच्या चौकटीच्या) मध्ये बोट घालून 'जरा बघतो' असं करायची ती जागा नाही. अ‍ॅक्च्युएटर उघडायचा असेल तर आत दाबलेली स्प्रिंग आहे हे लक्षात ठेवा. कव्हरला समोरासमोर दोन लांब बोल्ट दिलेले असतात ते याचसाठी: ते सगळ्यात शेवटी आणि थोडे थोडे सैल करायचे. आणि पर्मिट, आयसोलेशन, ड्रेन हे झाल्याशिवाय बॉनेटला (बॉडीवरच्या झाकणाला) पाना लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

हवा गेल्यावर व्हॉल्व्ह कुठे जाणार, हे बसवण्याआधी कागदावर आणि बसवल्यावर प्रत्यक्ष तपासा. रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला वाफेचा व्हॉल्व्ह हवा गेली की बंद व्हायला हवा आणि कूलिंग वॉटरचा उघडायला हवा. उष्णता सोडणाऱ्या रिअ‍ॅक्शनमध्ये माणसांचा जीव यावर अवलंबून असतो. कित्येक ठिकाणी हे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच कंट्रोलरच्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलवर असतात: ४ ते १२ मिलिअँपिअरमध्ये कूलिंगचा व्हॉल्व्ह पूर्ण उघड्यापासून बंद होत जातो आणि १२ ते २० मध्ये वाफेचा उघडत जातो. पोझिशनर बदलताना कोणी कूलिंगच्या व्हॉल्व्हला सवयीने ४ ते २० ची रेंज दिली, तर १६ मिलिअँपिअरला वाफ अर्धी उघडी आणि पाणीही पाव उघडं राहतं. तापमान हलत नाही आणि पाइप धडाधड वाजायला लागतात. म्हणून जुना पोझिशनर काढण्याआधी त्याची सेटिंग लिहून घ्यायची.

पोझिशनर बसवताना फीडबॅकची दांडी (व्हॉल्व्हच्या दांड्याची जागा पोझिशनरला कळवणारी) निम्म्या प्रवासाला दांड्याशी काटकोनात आहे का बघा. ती तिरकी असली तर दोन टोकं जुळतात आणि मधली जागा चुकते. मग ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर देत चढती रीडिंग घ्या आणि त्याच पायऱ्यांनी उतरती. २० मिलिमीटर प्रवासाच्या व्हॉल्व्हवर ८ मिलिअँपिअरला दांडा ५ मिलिमीटरवर हवा. चढतानाची आणि उतरतानाची जागा वेगळी आली तर कुठेतरी ढिलाई किंवा घर्षण आहे. त्यानंतर एक चाचणी आवर्जून करा, बरेच जण ती टाळतात: १२ मिलिअँपिअरवर थांबून सिग्नल अर्ध्या अर्ध्या टक्क्याने वाढवा आणि दांडा नेमका कधी हलतो ते बघा. चार-पाच पायऱ्या झाल्या तरी हलला नाही आणि मग एकदम उडी मारली, तर पॅकिंग जास्त आवळलेलं आहे. ग्लँडमधून थेंब दिसला की नट दाबून आवळायचा ही फिटरची जुनी सवय. टेफ्लॉनच्या पॅकिंगला तेवढ्या ताकदीची गरज नसते. ग्रॅफाइटचं आवळतानाही दोन्ही नट सारखे, थोडे थोडे फिरवा आणि प्रत्येक वेळी दांडा हलवून बघा.

आता हंटिंग. पॅनलवर फ्लो खालीवर नाचतो आणि सगळे कंट्रोलरच्या ट्यूनिंगला दोष देतात. कंट्रोलर मॅन्युअलला टाकायला सांगा आणि व्हॉल्व्हजवळ उभं राहून दांडा बघा. सिग्नल स्थिर असताना दांडा थरथरत असेल तर दोष पोझिशनरचा किंवा हवेचा. दांडा स्थिर आणि फ्लो नाचतोय, तर पंप किंवा लाइन बघा. खडी घुसळल्यासारखा आवाज येत असेल तर कॅव्हिटेशन (दाब घटून द्रवात बुडबुडे होणं आणि फुटणं) आहे आणि ते कॅलिब्रेशनने जाणार नाही. दोन्ही शांत झाले आणि ऑटोला टाकल्यावर पुन्हा नाच सुरू झाला, तर ट्यूनिंग बघा, पण त्याआधी ती अर्ध्या टक्क्याची चाचणी. अडकणारा दांडा आणि ऑटोमधला कंट्रोलर यांची जोडी जमली की कितीही आकडे बदलले तरी फ्लो स्थिर होत नाही.

पॅनलवाल्यांशी आणखी एका गोष्टीवरून वाद होतो. "व्हॉल्व्ह ५० टक्के उघडा आहे, मग फ्लो अर्धा का नाही?" इक्वल पर्सेंटेज ट्रिमचा (प्रत्येक सारख्या पायरीला फ्लो ठरावीक टक्क्यांनी वाढेल अशा प्लग-सीटचा) व्हॉल्व्ह असेल आणि त्याची रेंजेबिलिटी (जास्तीत जास्त आणि कमीत कमी फ्लोचं गुणोत्तर) ५० असेल, तर प्रेशरचा फरक सारखा राहिला असता व्हॉल्व्ह अर्धा उघडा असताना फ्लो जेमतेम १४ टक्के येतो. तो बिघडलेला नाही, तसाच बनवलेला आहे, कारण प्रत्यक्ष लाइनमध्ये फ्लो वाढला की व्हॉल्व्हवरचा प्रेशरचा फरक घटतो आणि दोन्ही मिळून वागणूक बऱ्यापैकी सरळ होते. पोझिशनरमध्ये कर्व्ह बदलून ते 'दुरुस्त' करायला जाऊ नका. उलट रोजच्या उत्पादनात व्हॉल्व्ह किती टक्क्यांवर चालतो ते विचारा. तो कायम १० टक्क्यांच्या खाली रेंगाळत असेल तर साइज मोठी निवडली गेलीय, सीट लवकर झिजेल, आणि हे तुमच्या इंजिनिअर साहेबांच्या कानावर घाला.

शिकायचं कुठे, असं मुलं विचारतात. वार्षिक शटडाऊनसारखी शाळा नाही. त्या दिवसांत व्हॉल्व्ह लाइनवरून उतरतात, ट्रिम हातात घेता येते, सीटवरच्या खुणा वाचता येतात. एकाच बाजूला झिजलेली, तासल्यासारखी सीट म्हणजे तिथून सतत गळत होतं. दातेरी, खरबरीत खड्डे म्हणजे कॅव्हिटेशन. शटडाऊनमध्ये कोणी पेपरवर्कला बसवत असेल तर विनंती करून वर्कशॉपमध्ये जा आणि लॅपिंग करणाऱ्या जुन्या मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. तो निळी लावून सीट आणि प्लगचा संपर्क तपासतो, तेव्हा पूर्ण वर्तुळाची निळी रेघ कशी दिसते ते डोळ्यांत साठवून घ्या. तुटक रेघ दिसली की तो पुन्हा घासायला घेईल.

स्वतःची वही ठेवा. टॅग नंबर, नेमप्लेटवरचं सगळं, स्प्रिंग रेंज, हवा गेल्यावरची स्थिती, काम सुरू करण्याआधीची पाच रीडिंग आणि काम संपल्यावरची पाच. आधीची रीडिंग न घेता कॅलिब्रेशन केलं तर व्हॉल्व्ह किती बिघडला होता आणि कशाने सुधारला हे कोणालाच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच व्हॉल्व्ह पुन्हा अडला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.