शाळूसाठी वाफे आत्ताच पाडा, तेही सगळ्या शिवारात

सोलापूर जिल्ह्यातले करमाळा आणि माढा हे तालुके २०२३ मध्ये राज्याच्या दुष्काळी यादीत होते. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच तालुक्यांत सीना नदीचं पाणी घरादारात शिरलं. हे पाहिल्यावर ‘हस्त नक्षत्राचा पाऊस पडला की बघू’ म्हणून शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, नशिबावर सोडणं मला पटत नाही.

ऑगस्ट आहे, तोवर उताराला आडवे, साधारण १२ फूट लांब-रुंद वाफे पाडून घ्या. त्यासाठी सारा यंत्र किंवा बळीराम नांगर ही अवजारं चालतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. म्हणजे ५० मिलिमीटरचा एक पाऊस एकरावर दोन लाख लिटर ओततो. वाफ्यात थांबलं तर त्यातलं बरंच मुरतं, नाहीतर माती घेऊन ओढ्याला जातं. वरच्या रानात वाफे नसले, तर त्याच पाण्यानं खालच्याचा बांध फुटतो. म्हणून गावानं एकत्र बसून काम माथ्याकडून ओढ्याकडं उतरत न्यावं. ज्याच्याकडं ना बैल ना ट्रॅक्टर, त्याचं रान वगळू नका.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. घाई केली तर खोडमाशी (कोवळ्या रोपाचा पोंगा पोखरणारी कीड), उशीर केला तर ओल संपलेली. शिवारात मागंपुढं पेरण्या झाल्या की खोडमाशीला कोवळी रोपं मिळतच राहतात; वापसा (पेरण्याजोगी ओल) आला की आठवड्याभरात सगळ्यांनी उरका. तालुक्याच्या पावसाच्या आकड्यावर विसंबू नका. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा, रोज सकाळी साडेआठला आकडा फळ्यावर लिहा.

वाण जमीन बघून घ्या: हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यमला मालदांडी किंवा फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. एकरी चार किलो बियाणं पुरतं. काणी (कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा बुरशीरोग) टाळायला किलोला चार ग्रॅम गंधक चोळा.

कोळपण्या (ओळींमधली वरची माती हलवणं) तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. आठव्या आठवड्यातली दातेरी कोळप्याची पाळी बरेच जण सोडतात, आणि नेमकं तिथंच नुकसान होतं. काळ्या रानाच्या भेगा तिनंच बुजतात, ओल टिकते.

पाणी एकदाच देता येणार असेल तर ते पोटरीत (कणीस अजून पानाच्या आवरणात असताना), पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी द्या. विहीर नसलेल्याला शेजाऱ्याकडून हे एक पाणी मिळावं, असं पेरणीआधीच ग्रामसभेत ठरवून घ्या. नोव्हेंबरात विहिरी उतरायला लागल्यावर ही बोलणी अवघड होतात.