फ्रिजच्या दाराचं रबर घरच्या घरी कसं बदलायचं

कॉम्प्रेसर बंदच होत नाही, फ्रीजरमध्ये सारखा बर्फ साचतोय, भाजीच्या ड्रॉवरमध्ये पाणी, असं चाललं असेल तर गॅस भरून घ्यायच्या आधी दाराचं रबर बघा. ठाणे काय, ऐरोली-वाशी काय, आपण सगळे खाडीकाठचे, पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की रबराला जराशी फट असली तरी ती हवा आत शिरते, तिच्यातलं पाणी आत गोठतं, बर्फाचा थर जाड झाला की गारवा नीट पसरत नाही आणि कॉम्प्रेसर चालतच राहतो. महावितरणचं बिल वाढतं ते आहेच, पण दूध आणि शिजवलेलं अन्न ५ डिग्रीच्या खाली राहायला हवं ते राहत नाही, घरात लहान बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर हे काम पुढे ढकलू नका.

आधी खात्री करा. कागदाची पट्टी दारात अर्धी आत अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा, थोडी अडकत आली पाहिजे, सरळ सुळकन आली तर तिथे पकड नाही. असं चारही बाजूंनी, वीतभर अंतर सोडून करत जा. सगळ्यात जास्त दगा देतो बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा, तो नक्की तपासा. डबल डोअरमध्ये दोन दारांच्या मधली पट्टी हाताला कोमट लागली तर घाबरू नका, तिथे घाम धरू नये म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये ती मुद्दाम गरम ठेवलेली असते.

पकड नाही म्हणजे लगेच नवीन रबर आणायचं असंही नाही. घड्यांमध्ये काळी बुरशी, सांडलेलं दूध, आमरस वाळून बसलेला असतो, तेवढ्यानेही फट राहते. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून जुन्या टूथब्रशने घड्या उलगडून घासा, पुसून कोरडं करा आणि परत कागद लावून बघा. रॉकेल, थिनर लावू नका, रबर खराब होतं. आणि फ्रिज पुढच्या पायांवर किंचित उंच हवा म्हणजे दार आपोआप मागे येतं, फ्रिज पुढे झुकलेला असेल किंवा बिजागरी खाली बसली असेल तर नवीन रबरही काही करणार नाही. पण रबर फाटलंय, कडक झालंय, दाबलं तर परत वर येत नाही, मग बदलाच.

मॉडेल नंबर बहुतेक फ्रिजच्या आत बाजूच्या भिंतीवर स्टिकरवर असतो, त्याचा फोटो घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मिळालं तर उत्तम, नाहीतर फ्रिजचे स्पेअर विकणाऱ्या दुकानात मापाने रबर बनवून देतात, कोपरे गरम करून जोडतात. तिकडे जाताना नुसतं माप नेऊ नका, जुन्या रबराचा आडवा छेद कसा दिसतो त्याचा जवळून फोटो पण न्या, कारण लांबी-रुंदी जुळली आणि मागची बसायची पट्टी वेगळी निघाली तर ते दारावर बसणारच नाही.

नवीन रबर घडी होऊन येतं, वाकडंतिकडं. बादलीत चांगल्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, उकळतं पाणी नको, मग पुसून सपाट पसरून ठेवा. ही पायरी लोक सोडतात आणि मग कोपरे बसत नाहीत म्हणून रबराला दोष देतात.

आता प्लग काढा, दारातल्या बाटल्या, ट्रे सगळं रिकामं करा. दार उतरवायची गरज नाही. रबराची आतली कड वर उचलून बघा, खाली स्क्रू दिसले तर जुना प्रकार, नुसती खाच दिसली तर दाबून बसवायचा. खाचेवाला सोपा, कोपऱ्यातून धरून हळूहळू ओढला की निघतो. स्क्रूवाल्यात मात्र घाई करू नका. तेच स्क्रू बऱ्याचदा दाराचं आतलं प्लास्टिक पण धरून असतात, सगळे काढले तर प्लास्टिक सैल होऊन दार पिळतं आणि मग ते सरळ करताना जीव जातो. स्टार स्क्रू ड्रायव्हरने थोडेथोडे सैल करा, जुनं रबर सरकवून काढा, खालची जागा पुसा, नवीन आत सरकवा आणि लगेच घट्ट करा. पण अति आवळू नका, प्लास्टिक तडकतं.

बसवताना आधी वरचे दोन कोपरे, मग खालचे दोन, मग बाजूंच्या मधोमध, आणि उरलेलं अंगठ्याने दाबत कोपऱ्यांकडे जायचं. खाचेवालं नीट बसलं की अंगठ्याखाली टक्कन आत गेलेलं कळतं. कुठेही ताणून बसवू नका, ताणलेलं रबर नंतर आखडतं आणि कोपरा उचलतो. बिजागरीच्या बाजूला रबर घासून मुरडत असेल तर बोटावर जरासं व्हॅसलीन घेऊन लावा.

परत कागदाची टेस्ट. एखादा कोपरा आत दबलेला असेल तर हेअर ड्रायर मध्यम गरम ठेवून, हलवत हलवत, रबर मऊ झालं की बोटांनी बाहेर ओढून गार होईपर्यंत धरून ठेवा. तरी नाही झालं तर त्या घडीत कापसाची वळी भरून दार रात्रभर बंद ठेवा, सकाळी वळी काढा.

दार लागत नाही म्हणून बाहेरून कडी किंवा खटका मात्र कधीच लावू नका. पूर्वी फ्रिजला खटकेच असायचे, खेळताना मुलं आत अडकून गुदमरायची, म्हणून अमेरिकेत १९५६ साली कायदा करावा लागला की दार आतून उघडता आलंच पाहिजे. रबरातला मॅग्नेट त्यासाठी पण आहे.

फ्रीजरमध्ये आधी साचलेला बर्फ फ्रिज बंद करून वितळू द्या, सुरी-स्क्रू ड्रायव्हर मारू नका, साध्या सिंगल डोअरमध्ये त्या भिंतीतूनच गॅसची नळी जाते. रबर घट्ट बसूनही काही दिवसांत तितकाच बर्फ आला तर थर्मोस्टॅट किंवा डिफ्रॉस्टचा प्रॉब्लेम असू शकतो, तेव्हा मेकॅनिक बोलवा आणि रबर बदललंय हे त्याला आधीच सांगा.