सोलापूरहून ताडोबाच्या लॉजवर शिकवायला जाताय? या चुका टाळा

‘राहणं-जेवण आमच्याकडे, दोन-तीन आठवडे आमच्या गाइडना आणि गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवा,’ असं एखाद्या लॉजवाल्याने म्हटलं की आपला माणूस सगळ्यात आधी चंद्रपूरचं तिकीट शोधतो. घोळ इथूनच सुरू होतो.

गेट न विचारता तिकीट काढणं

ताडोबाच्या कोअरला, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाला, सहा गेट आहेत: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. मोहर्लीला जायचं तर चंद्रपूर बरोबर. तिथून तीसेक किलोमीटर. पण लॉज कोलारा किंवा नवेगावकडे असेल तर चिमूरच्या बाजूने जावं लागतं, आणि त्यासाठी नागपूरहून उमरेड, भिवापूर, चिमूर हा रस्ता सोयीचा. चंद्रपूरला उतरून कोलाऱ्याला पोचायचं म्हणजे जंगलाला मोठा वळसा आणि गाडीभाड्याला फोडणी. म्हणून लॉजवाल्याला पहिला प्रश्न ‘गेट कोणतं?’ आणि दुसरा ‘तुमचे पाहुणे कुठे उतरतात?’ हे दोन प्रश्न विचारले की पुढचं तिकीट आपोआप ठरतं.

आता प्रवास. रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास धरा. नागपूरची रात्रीची स्लीपर तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ करत जाते. मोहर्लीला जाणारे लोक नकाशा बघून ठरवतात की यवतमाळला उतरू आणि वणीवरून चंद्रपूर गाठू. नकाशावर छान दिसतं, पण ती बस यवतमाळला भल्या पहाटे, अंधारातच टाकते. बरोबर कोणी असेल तर ठीक. एकट्याने, पुस्तकांच्या पिशव्या घेऊन, सरळ नागपूरपर्यंत जावं आणि उजाडल्यावर चंद्रपूरची बस पकडावी.

रेल्वेने दोन वाटा आहेत. एक दौंडवरून: तिथे महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची आणि वर्ध्याला किंवा नागपूरला उतरायचं. दुसरी कलबुर्गी, वाडी करत सिकंदराबाद आणि तिथून काझीपेटमार्गे वर. ही वाट उलटी वाटते, पण दिल्लीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या त्याच मार्गावर आहेत. इथे लोक फक्त ‘चंद्रपूर’ टाकून शोधतात आणि गाडीच नाही म्हणून बसतात. बल्लारशाह टाकून बघा. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या तिथे थांबतात, आणि बल्लारशाह ते चंद्रपूर अंतर म्हणजे आपल्याकडे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यासारखंच.

गाडी बदलायची असेल तर दोन्ही तिकिटांचे पीएनआर आयआरसीटीसीवर जोडून घ्या. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर नियमात बसल्यास दुसऱ्या तिकिटाचे पैसे परत मागता येतात. अट एवढीच की प्रवाशांची नावं तीच हवीत आणि पहिली गाडी जिथे सोडते तिथूनच दुसरी पकडायची हवी. दौंडला उतरून दुसऱ्याच स्टेशनवरून तिकीट काढलं असेल तर विसरा.

आणि काहीही करून लॉजवर दिवस मावळायच्या आत पोचा. तिकडे सूर्य सोलापूरपेक्षा साधारण पाव तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचलाच अंधारायला लागतं. उशीर झालाच तर चंद्रपूरला किंवा चिमूरला मुक्काम टाका, लॉजवर फोन करून कळवा आणि सकाळी निघा.

आपल्या सुट्टीप्रमाणे तारखा ठरवणं

नाताळची सुट्टी मिळते म्हणून २५ डिसेंबर ते १ जानेवारी निवडणारे बरेच. लॉजसाठी हाच आठवडा सर्वात गर्दीचा. गाइड दोन्ही वेळच्या सफारीत, स्वयंपाकघर रात्री अकरापर्यंत चालू. तुम्ही फळा घेऊन बसाल आणि समोर कोणी नसेल.

पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो, तेव्हा सगळे मोकळे असतील असं वाटतं. पण तो धानाच्या रोवणीचा काळ. गाइडसुद्धा आपापल्या बांधीत चिखलात उभे असतात. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला पहाटे घरंच्या घरं बाहेर पडतात, त्यांच्याबरोबर मुलंही. मे महिन्यात तेंदूपत्ता. शिवाय मे महिन्यातलं चंद्रपूर. सोलापूरच्या उन्हात वाढलो म्हणणाऱ्यांनी तिथला पारा ४७ च्या घरात गेलेला एकदा अनुभवावा आणि मग बोलावं.

माझ्या मते आपल्यासाठी सोयीचा काळ एकच: जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आटोपली, तिथल्या गड्ड्याच्या जत्रेत एक चक्कर झाली की निघायचं आणि होळीच्या आत परतायचं. थंडी सुसह्य असते, शाळा नियमित भरते, मोह अजून गळायला लागलेला नसतो. फक्त शनिवार-रविवार वर्गाची आशा धरू नका.

फळ्यावर काळांचा तक्ता काढणं

सर्वात जास्त वर्ग मोडतात ते इथे. आपण ‘आय गो, यू गो, ही गोज’ने सुरुवात करतो. समोरचा गाइड पहाटे चारला उठलेला, सकाळची सफारी करून अकराला परतलेला, दुपारी पुन्हा सफारीच्या जिप्सी गाडीवर जायचं. मधल्या दोन-अडीच तासांत त्याला जेवायचं आणि आडवं व्हायचं असतं. त्यातला पाऊण तास तो तुम्हाला देतो, तर त्या पाऊण तासात त्याच्या कामाचं काहीतरी हातात पडलं पाहिजे.

त्याला प्राण्यांची इंग्रजी नावं येतात; स्लॉथ बेअर, इंडियन गौर, वाइल्ड डॉग तो तुमच्यापेक्षा चांगलं म्हणतो. अडतं ते वाक्य जोडताना. चितळ ओरडलं, गाडी बंद करून थांबायचंय, आणि मागच्या सीटवरचा पाहुणा म्हणतोय पुढे घ्या. तिथे त्याला म्हणता आलं पाहिजे: ‘सर, प्लीज वेट. द डिअर इज कॉलिंग. द टायगर मे बी क्लोज.’ किंवा वाघ न दिसल्याने चिडलेल्या माणसाला शांतपणे समजावता आलं पाहिजे. चार खुर्च्यांची जिप्सी करा, एकाला हट्टी पाहुणा बनवा, दुसऱ्याला गाइड. लाजणारे गडीही हट्टी पाहुणा मात्र फार झकास वठवतात, कारण असले नमुने त्यांनी रोज पाहिलेले असतात. काळ आणि क्रियापदं यातूनच शिकवायची.

मंगळवारी कोअरची सफारी बंद असते. मोठा वर्ग त्या दिवशी ठेवा, पण त्यांना आधी विचारून. घरची कामंही त्याच दिवसासाठी राखून ठेवलेली असतात.

मुलांच्या बाबतीत चूक उलटी होते. ‘दुर्गम भाग’ म्हणून लोक एबीसीडीपासून सुरू करतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे अक्षरं आणि कविता पाठ असतात. बोलायला कोणी मिळत नाही, ही खरी अडचण. तेव्हा त्यांना बोलतं करा. शाळेत जाऊन शिकवायचं असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी आधी; लॉजच्या मालकाची ओळख तिथे पुरत नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून ठेवा, अनोळखी माणसाच्या हाती मुलं सोपवणाऱ्या गावाला तो मागायचा हक्क आहे.

नान्नजची सवय घेऊन जाणं

आपल्याला जंगल म्हणजे सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान. काळवीट अर्धा किलोमीटरवरून दिसतं, लांडगा दिसला तरी तोच पळतो. तिकडे बांबू आणि सागाची दाटी. दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांभोवती वाघ-बिबट्यांचा वावर असतो. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी माणसं दगावतात. सकाळी फिरायला जाणं, कानात गाणी लावून लॉज ते गाव चालणं, दोन्ही बंद. संध्याकाळचा वर्ग अशा वेळी संपवा की शेवटचं पोर उजेडात घरी पोचेल. वर्ग रंगला म्हणून दहा मिनिटं वाढवू नका. उशीर झालाच तर मुलांना लॉजच्या गाडीने घरी सोडायला लावा.

बाकी किरकोळ. रेंज बेभरवशाची, म्हणून धडे आणि ऑडिओ फोनमध्ये उतरवून न्या आणि रोख पैसे जवळ ठेवा. पहाटेच्या थंडीसाठी आपली सोलापुरी चादर पुरेशी. जेवणात भात जास्त; ज्याला भाकरीशिवाय जमत नाही त्याने कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्यावी, दोन्हींना फ्रीज लागत नाही. फुकट सफारी गृहीत धरू नका, शिकवणाऱ्यालाही परवाना आणि ओळखपत्र लागतंच.

परतीचं तिकीट काढण्याआधी लॉजच्या ड्रायव्हरशी बोला. पाहुणे आणायला गाडी नागपूरला रिकामी जाते तो दिवस त्याला ठाऊक असतो. त्या दिवशी निघालात तर चिमूरच्या बसस्टँडवर ताटकळावं लागत नाही.