भरलेला ट्रेलर घाटातून उतरवताना एक्झॉस्ट ब्रेकचा वापर

खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना वाहन सुमारे ५०० मीटर खाली येते. ४० टनांच्या ट्रेलरची एवढ्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा ५० युनिट विजेहून अधिक भरते, आणि ती सगळी पायब्रेकवर सोपवली तर चाकांतील ब्रेकचे ड्रम व त्यांवर घासणारे लायनर इतके तापतात की पॅडल पूर्ण दाबूनही पकड मिळत नाही. म्हणून वेग धरून ठेवण्याचे काम इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक यांच्याकडे द्यावे.

एक्झॉस्ट ब्रेक लावल्यावर धूर बाहेर नेणाऱ्या नळीतील झडप मिटते, वायू कोंडतो आणि पिस्टनला त्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो. हा अडथळा चाकांपर्यंत पोहोचतो तो केवळ गिअरमार्गे. क्लच दाबला किंवा गाडी न्यूट्रल केली की बटण चालू असूनही त्याचा उपयोग शून्य. इंजिनाचे फेरे कमी असतील तर जोरही कमी पडतो, मात्र फेरे दाखवणारा काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नये.

त्यामुळे खरा निर्णय गिअरचा असतो आणि तो उतार सुरू होण्यापूर्वी घ्यावा, कारण वेग वाढल्यावर खालचा गिअर पडेलच याची खात्री नसते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्यातच उतरावा, हा जुना नियम आजच्या ताकदवान इंजिनांना अपुरा पडतो. त्याहून एक गिअर खाली ठेवलेला बरा. स्वयंचलित गिअर असल्यास मॅन्युअल निवडावे. अमेरिकी पिकअपमधील टो-हॉल बटण (ओझे ओढताना वापरायचे) उतारावर बहुतेक वेळा हेच काम आपोआप करते.

एवढे करूनही वेग ठरवलेल्या मर्यादेला, समजा ताशी ३० किलोमीटरला, पोहोचला तर पायब्रेक ठामपणे दाबून तो २० ते २२ पर्यंत आणावा आणि पाय पूर्ण उचलावा. पाय सतत टेकवून ठेवल्यास लायनर तापतात, तर पॅडल भराभर मारल्यास ब्रेक चालवणारी टाकीतील हवा संपते. केवळ ट्रेलरचा हातब्रेक वापरून उतरणेही चुकीचे आहे, कारण सगळी उष्णता मागच्याच चाकांवर येते.

एक्झॉस्ट ब्रेक फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर लागतो. पावसात, विशेषतः ट्रेलर रिकामा असताना, ती चाके घसरून ट्रेलर आडवा होण्याचा धोका असतो. अशा वेळी एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवून वेग आणखी कमी राखावा.

डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करण्याच्या सवयीकडे पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावरील अपघातांनंतर वारंवार बोट दाखवले गेले आहे. तो हिशेबही फसवा आहे: इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ थांबते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते जळतच राहते.

लायनर जळल्याचा वास आला किंवा हवेच्या दाबाचा इशारा वाजला, तर सुरक्षित जागी थांबून ड्रम आपोआप निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये, तडे जातात. चाकाला दगड लावला असेल तर निघताना तो रस्त्याबाहेर टाकावा.