पहिल्यांदाच एल्कच्या शिकारीला जाताय? मांस खाली कसं आणणार ते आधी ठरवा

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे एका मोठ्या हरणाच्या, शिकारीला निघालेला नवीन शिकारी भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, रायफल कोणती घेऊ. कुठलीही घ्या. टू सेव्हंटी, थ्री नॉट एट, थर्टी ओ सिक्स, सगळ्या चालतात, नीट झीरो केलेली (दुर्बीण आणि गोळीचा नेम जुळवलेली) असली म्हणजे झालं, आणि सराव टेबलावर रायफल टेकवून करू नका, बसून, गुडघ्यावर, धापा टाकत करा. खरा प्रश्न कोणी विचारतच नाही: दोनशे किलोच्या वरचं जनावर दहा हजार फुटांवर संध्याकाळी पाच वाजता पडलं, तर पुढे काय?

कागदपत्रं आधी उरकून घ्या. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं आणि ड्रॉचे, म्हणजे शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचे, अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात, म्हणजे ऑक्टोबरच्या शिकारीची तयारी हिवाळ्यातच सुरू करायची. एचवनबीवाल्यांनी हे दोनदा वाचा: नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक नुसती जवळ बाळगणं हाही फेडरल गुन्हा आहे, अपवाद जे थोडे आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतलं चालू हंटिंग लायसन्स. मित्राची रायफल रेंजवर उचलून बघायच्या आधी लायसन्स खिशात पाहिजे. ड्रॉमध्ये भाग घ्यायला आधी एक क्वालिफाइंग (पात्रतेचं) लायसन्स घ्यावंच लागतं, ते स्मॉल गेमचं, म्हणजे ससे-पक्ष्यांसारख्या लहान शिकारीचं, घेतलं की दोन्ही कामं होतात. तरी शंका असेल तर वकिलाला विचारा, ऑफिसमधल्या मित्राला नको.

टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, मादीचा घ्या. मोठ्या शिंगांचे फोटो बघून सगळे नराच्या मागे लागतात, पण बहुतेक युनिट्समध्ये (शिकारीच्या विभागांत) नराच्या एका शिंगाला चार टोकं किंवा पाच इंचांचं ब्राउ टाइन (कपाळाजवळचं पहिलं टोक) असल्याशिवाय गोळी घालता येत नाही आणि हे पहाटेच्या अंधुक उजेडात झाडीतून ओळखणं नवख्याचं काम नाही. मादीचं मांसही जास्त मऊ असतं.

कपडे, बूट, तंबू यावर ढीगभर लेख आहेत, ते वाचा. रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर ५०० चौरस इंच फ्लुरोसंट ऑरेंज किंवा गुलाबी आणि डोक्यावर तशीच टोपी सक्तीची आहे. वाऱ्याचं एवढं लक्षात ठेवा की ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार पडली की खाली उतरते, आणि एल्कच्या नाकापुढे तुमचं कुठलंही स्प्रे चालत नाही. डेन्व्हरहून निघून थेट चढायला लागू नका, दोन दिवस वर राहून मग चढा. गोळी जनावर आडवं उभं असतानाच, खांद्याच्या मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. पहिल्या वर्षी २०० यार्डांच्या पुढे नाही.

आता मुख्य गोष्ट. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, आणि यावरच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. "थंडी आहे, पोट साफ करून ठेव, उद्या घेऊन जाऊ" हे कोणी म्हणालं तर ऐकू नका. एल्कची कातडी म्हणजे जाड गोधडी, बाहेर बर्फ पडत असला तरी आत मागच्या मांडीत हाडाजवळ ऊब तशीच राहते आणि मांस तिथून आंबायला लागतं. वरून लाल, छान दिसतं, घरी कापल्यावर वास येतो. तेव्हा टॅगवर सही-तारीख केली की कातडी काढायला लगेच सुरुवात.

पोट न फाडता काढायची पद्धत नवख्याला सोपी. जनावर एका कुशीवर झोपवा, पाय झाडाला बांधा म्हणजे उतारावर घसरत नाही. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून चीर द्या आणि कातडी पोटाकडे सोलत न्या. सुरीचं पातं आतून बाहेर चालवा, केस कापले गेले की ते सगळ्या मांसाला चिकटतात. पुढच्या फऱ्याला सांधाच नसतो, पाय उचलून धरला की सुरी सरळ आत जाते. मागच्या मांडीला मात्र खुब्याचा सांधा शोधावा लागतो, इथे घाई करू नका, मांडी वर ढकला, गोल हाड दिसलं की आतलं लिगामेंट (हाडं जोडणारा चिवट पट्टा) कापा, सुटते. मग पाठीचं लांब मांस, मान, बरगड्यांमधलं. शेवटच्या बरगडीमागून हात घालून कोठा खाली दाबला की कण्याखालचा टेंडरलॉइन मिळतो. तो सोडू नका, आणि खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं कायद्याने गुन्हाही आहे. एका मांडीला कास किंवा अंड तसंच लागलेलं ठेवा, वॉर्डन (वन्यजीव अधिकारी) नर की मादी याचा पुरावा मागतो. मग पालथं करून दुसरी बाजू.

प्रत्येक भाग कापडी गेम बॅगमध्ये घालून सावलीत, वारा लागेल असा टांगा. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, गरम मांस त्यात घातलं की संपलं. ओढ्यात धुऊ पण नका, कोरडं राहू दे. रात्र पडली तर मांस आतड्यांपासून लांब टांगून ठेवा, अस्वल आधी तिकडे येतं.

वाहून आणणं हा हिशोब गोळी घालायच्या आधीचा. हाडासकट एक मागची मांडी पंचवीस-तीस किलो भरते, एकट्याला चार-पाच फेऱ्या पक्क्या. फ्लॅट टॉप्ससारख्या विल्डरनेसमध्ये (संरक्षित रानात) चाकाची हातगाडीही चालत नाही, पाठीवरच आणायचं. म्हणून माझं ठाम मत, दोघं असाल तरी गाडीपासून दोन मैलांच्या पलीकडे पहिल्या वर्षी गोळी घालू नका, समोर कितीही सुंदर जनावर उभं असू दे. त्यातून मध्ये खोल दरी असेल तर एक मैलही लांबच.

खाली आलात की जनावराचं डोकं सीडब्ल्यूडीच्या (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) तपासणीला द्या. हा मेंदूचा रोग हरणं-एल्कमध्ये पसरलाय आणि तो पसरवणारी सदोष प्रथिनं शिजवून नष्ट होत नाहीत. रिपोर्ट येईपर्यंत मांस वेगळं लेबल लावून फ्रीझरमध्ये ठेवा, कोणाला वाटू नका. रिपोर्ट चांगला आला की मानेच्या मांसाचा खिमा करा, मात्र एल्कला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे तेल नेहमीपेक्षा जास्त घाला आणि मंद आचेवर शिजवा.