फिकट पॅनेलवर हात टाकण्याआधीची तयारी

गाडीच्या आतल्या फिकट प्लास्टिक पॅनेलवरचे ओरखडे आणि काळ्या रेषा घालवायच्या आहेत? बाटल्या, ब्रश, फडकी नंतर बघू. आधी टॉर्च काढा. गाडी सावलीत उभी करा, दार पूर्ण उघडा आणि पॅनेलवर उजेड समोरून न टाकता अगदी तिरपा, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून टाका. मग प्रत्येक काळ्या रेषेवरून नख आडवं फिरवा. नख काही न अडता सरकलं किंवा रेषेवर किंचित उंचवटा लागला, तर ती रेष ओरखडा नाही. बुटाच्या टाचेचं किंवा बॅगेच्या चाकाचं रबर तिथे घासून चिकटलंय, आणि ते निघतं. नख खाली अडकलं तर प्लास्टिकच गेलेलं आहे, आणि गेलेलं प्लास्टिक कुठल्याही बाटलीतून परत येत नाही. तिसरा प्रकार फिकट रंगात सगळ्यात जास्त सापडतो: ओरखडा अगदी उथळ असतो, पण त्यात मळ बसून तो काळाकुट्ट दिसतो. काळ्या डॅशबोर्डवर ओरखडे पांढरे उठतात म्हणून डोळ्यांत खुपतात. बेज किंवा हस्तिदंती पॅनेलवर मात्र आपण ओरखडा कमी आणि त्यातला मळच जास्त बघत असतो. मळ काढला की त्यातल्या बऱ्याच रेषा हातभर अंतरावरून दिसेनाशा होतात. म्हणून रंगाचा डबा आणायचा निर्णय आजच घेऊ नका.

या तपासणीत मास्किंग टेपचे छोटे तुकडे जवळ ठेवा आणि नख अडकलं त्या जागेशेजारी एकेक लावत जा. पॅनेल ओलं झालं की सगळे ओरखडे गायब झाल्यासारखे वाटतात आणि वाळल्यावर पुन्हा हजर होतात. टेप असेल तर फसायला होत नाही. सुरुवातीचे दोन फोटोही काढून ठेवा.

आता फडकी. पांढरी किंवा अगदी फिकट मायक्रोफायबर घ्या, आणि वाटतात त्याच्या दुप्पट घ्या. गडद लाल-निळं फडकं ओलं झालं की रंग सोडू शकतं, आणि फिकट प्लास्टिकवर तो बसला की एका डागाचे दोन होतात. पांढऱ्या फडक्यावर मळ किती येतोय तेही कळतं. तो यायचा थांबला की घासणं थांबवायचं. फडकं चार घड्या घालून धरा आणि दर थोड्या वेळाने बाजू पालटा. फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरला असेल तर ती बाजूला ठेवा. त्याचा थर धाग्यांवर राहतो, पाणी नीट शोषलं जात नाही आणि पॅनेलवर ओघळ उमटतात.

ब्रश मऊ केसांचा हवा. दाराच्या पॅनेलवर चामड्यासारखा जो दाणेदार पोत असतो, त्याच्या खळग्यांत मळ बसलेला असतो आणि फडकं फक्त दाण्यांच्या माथ्यावरून फिरतं. मळ खरा ब्रशनेच निघतो. जुना टूथब्रश कडा आणि शिवणींपुरता ठीक आहे, मोठ्या सपाट जागेवर नको. व्हॅक्यूम क्लीनर आधी फिरवायचाच. धूळ, वाळूचे कण जागेवर असताना ओलं फडकं फिरवणं म्हणजे आपल्या हाताने नवे ओरखडे काढणं.

द्रावणांच्या बाबतीत सौम्यापासून सुरुवात करा आणि एकेक पायरी वर चढा. पहिली पायरी कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब. दुसरी, इंटिरिअरसाठीचा ऑल पर्पज क्लीनर, 1 भाग क्लीनरला 10 भाग पाणी. बाटलीवर वेगळं प्रमाण छापलं असेल तर तेच पाळा. तिसरी, आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून, आणि तेसुद्धा फडक्याच्या कोपऱ्याला लावून फक्त रबराच्या रेषेपुरतं. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यांना गाडीत प्रवेशच नको. पॅनेलसाठी वापरलं जाणारं एबीएस नावाचं प्लास्टिक अ‍ॅसिटोनने विरघळतं. डाग जातो खरा, पण त्याच्यासोबत पोतही जातो आणि मागे चिकट, चकचकीत चट्टा राहतो. काही पॅनेलवर हाताला मखमलीसारखा लागणारा मऊ लेप असतो. तो जुना झाला की चिकट होऊ लागतो आणि अल्कोहोलने सोलून निघू शकतो. तिथे साबणाच्या पाण्याच्या पुढे जाऊ नका. कुठलंही द्रावण आधी दाराच्या खालच्या कडेला किंवा सीटआड लपलेल्या जागी लावून, वाळू देऊन बघा. ओल्यात फरक कळत नाही.

पांढऱ्या मेलामाइन स्पंजबद्दल थोडं सविस्तर, कारण माझं नुकसान त्यानेच केलं. ज्याला लोक जादूचा स्पंज म्हणतात तोच हा. तो साबणासारखा डाग सोडवत नाही. अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखा घासून काढतो. रबराची रेष त्याने दोन फटक्यांत गेली, मला चेव आला, आणि मी दाराचा सगळा खालचा भाग दाबून घासला. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिथे तळहाताएवढा तुकतुकीत डाग दिसला, आजूबाजूला मॅट आणि मध्ये चमक. दाण्यांचे माथे झिजले होते, आणि ते परत उभे करता येत नाहीत. तेव्हापासून हा स्पंज यादीत शेवटी असतो: पुरता भिजवून, पिळून, बोटभर तुकडा कापून, वजन न देता, चार-पाच वेळा फिरवून थांबायचं. मऊ लेपावर, चकचकीत पट्ट्यांवर आणि पारदर्शक प्लास्टिकवर तर मुळीच नाही.

फवारा पॅनेलवर मारू नका, फडक्यावर किंवा ब्रशवर मारा. काचा वर-खाली करायची बटणं, स्पीकरची जाळी, दाराच्या कुलपाची खटकी यांत पाणी गेलं की वेगळाच खर्च सुरू होतो. जिथे एसआरएस (एअरबॅग यंत्रणेची खूण) किंवा एअरबॅग असं कोरलेलं आहे, मग ते स्टिअरिंग असो, डॅशबोर्डचा भाग, पुढच्या काचेशेजारचा खांब किंवा सीटची बाजू, तिथे फक्त ओलसर फडकं. उष्णता नाही, ओरखडा भरायची पुटी नाही, रंग नाही. ती झाकणं ठरावीक जागी फाटावीत अशीच बनवलेली असतात. त्यांच्यावर कसलाही जाड थर चढवण्यात शहाणपण नाही. पॅनेल काढून साफ करायचा विचार असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. पॅनेल उचकटायला मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा संच घ्या आणि पॅनेल धरून ठेवणाऱ्या काही जादा क्लिपा आणून ठेवा, एखादी तरी तुटतेच. एअरबॅग ज्या पॅनेलमागे आहे ते मात्र जाणकाराकडूनच उतरवा.

पॅनेल निघालंच, तर उलटं करून मागचा शिक्का वाचा. टोकदार कंसांत पीपी, एबीएस किंवा पीपी अधिक ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) आणि पुढे टी20 असं काहीतरी असतं. टी20 म्हणजे त्यात 20 टक्के टाल्क, म्हणजे खनिजाची पूड. ही माहिती नुसती हौसेची नाही. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. त्याच्यावर साधा रंग धरतच नाही, आधी चिकटपणा आणणारा खास प्रायमर लागतो, नाहीतर महिन्याभरात पापुद्रे सुटतात. हे प्लास्टिक 160 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि हीट गन त्याच्या कितीतरी वर जाते. ओरखड्याची उभी राहिलेली किनार बसवायला हीट गन वापरणारे लोक आहेत, पण हात बसलेला नसेल तर हेअर ड्रायरच बरा: सतत हलता ठेवून कोमट करायचं आणि नखाने किंवा चमच्याच्या पाठीने किनार हलकेच दाबायची. काम अर्धवट होईल, पण पॅनेल वाचेल.

रंग द्यायची वेळ आलीच तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर इंटिरिअरचा कोड दिलाय का बघा. तरी छटा जुळेलच असं नाही, कारण उन्हाने जुनं फिकट प्लास्टिक पिवळसर झालेलं असतं आणि नवा रंग कोडाप्रमाणे असतो. म्हणून ओरखड्याएवढा ठिपका रंगवू नका. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण तुकडा घ्या. त्याआधी सिलिकॉनवालं कुठलंही पॉलिश लागलेलं नसावं, नाहीतर रंग माशाच्या डोळ्यासारखे गोल ठिपके सोडत पसरतो. रंगवायचं नसेल तर शेवटी पाण्यावर आधारलेलं, मॅट, ऊनरोधक ड्रेसिंग (प्लास्टिकवर लावायचा संरक्षक लेप) फडक्याने पातळ लावा. चकचकीत नको, कारण डॅशबोर्डवर ते काचेत प्रतिबिंब पाडतं, आणि तेलकट थरावर धूळही लवकर बसते.

हे सगळं पॅनेल थंड असताना. उन्हात तापलेल्या प्लास्टिकवर द्रावण पुसायच्या आत वाळतं आणि त्याचेच डाग पडतात. काम झाल्यावर दारं उघडी ठेवून वाळू द्या आणि टेपचे तुकडे तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ड्रायव्हरच्या सीटवर नेहमीसारखं बसून बघा. तिथून जी रेष दिसत नाही तिची टेप काढून टाका. उरलेल्या टेपा मोजा आणि मग रंगाचं ठरवा.