सोलापूरच्या उन्हाळ्यात राय मॅनहॅटन आणि त्याचे हर्बल भाऊबंद

कुणी मुंबईहून नाहीतर ड्यूटी फ्रीमधून राय व्हिस्की आणून दिली असेल तर ती सोडा ओतून संपवू नका, आधी मॅनहॅटन हे कॉकटेल करून बघा. ६० मिली राय, ३० मिली स्वीट व्हरमूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली गोड वाईन), अंगोस्तुरा बिटर्सचे (कडू, मसालेदार अर्काचे) २ डॅश म्हणजे दोन शिंतोडे, बस. अमेरिकन रायमध्ये किमान ५१ टक्के राय हे गव्हासारखं धान्य असतं, त्यामुळे ती बर्बनपेक्षा (मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीपेक्षा) तिखट आणि कोरडी लागते, आणि म्हणूनच गोड हर्बल लिकर, म्हणजे वनस्पतींचा स्वाद दिलेल्या गोड दारू, तिच्यासोबत जमतात.

पण आपल्याकडे खरा प्रश्न बर्फाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, कपाटातली बाटलीच कोमट असते, मग ती गार करण्यातच बर्फ वितळतो आणि ड्रिंक पाणचट होतं. म्हणून राय आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये टाका, ग्लास फ्रीझरमध्ये. बर्फाचे मोठे खडे घ्या, चुरा नको. लिंबूरस वगैरे काही नाही त्यामुळे शेक करायचं नाही, लांब चमच्याने अर्धा मिनिट शांतपणे ढवळायचं आणि गाळून घ्यायचं. व्हरमूथ ही शेवटी वाईनच आहे, उघडली की फ्रिजमध्येच ठेवायची, बाहेर ठेवली तर आपल्या उन्हाळ्यात लवकर वाया जाते.

हे जमलं की मगच बदल करा, आणि एका वेळी एकच. व्हरमूथ अर्धी करून १५ मिली यलो शार्त्रूझ (फ्रेंच हर्बल लिकर) घातलं की ग्रीनपॉइंट, न्यूयॉर्कच्या मायकल मॅकिलरॉयचं ड्रिंक. ग्रीन शार्त्रूझ ५५ टक्के अल्कोहोलचं असतं, तेवढंच ओतलं तर बाकी सगळं झाकून टाकतं, १० मिलीपासून सुरू करा. व्हरमूथऐवजी आव्हेर्ना (कडवट इटालियन हर्बल लिकर) घातलं तर ब्लॅक मॅनहॅटन, कडवट आवडणाऱ्यांसाठी भारी.

माझं मत विचाराल तर नवशिक्याने माँटे कार्लो करावं: ६० मिली राय, १५ मिली बेनेडिक्टिन (हेही फ्रेंच हर्बल लिकर), २ डॅश बिटर्स. व्हरमूथची कटकटच नाही, मध आणि मसाल्याचा वास येतो, लई सुंदर. त्यातच कॉन्यॅक (फ्रेंच ब्रँडी) आणि व्हरमूथ आले की १९३०च्या दशकातल्या न्यू ऑर्लिन्सच्या व्हिए कारे या कॉकटेलकडे जाता येतं, तिथे राय, कॉन्यॅक, व्हरमूथ प्रत्येकी ३० मिली आणि बेनेडिक्टिन फक्त चमचाभर, वर अंगोस्तुरा आणि पेशो दोन्ही बिटर्स.

चकण्याला कडक भाकरी आणि शेंगा चटणी घ्याच, पण चटणी बेताने, कारण इतक्या स्ट्राँग दारूवर तिखट जास्तच झोंबतं.